जुन्या जावाची क्रँक बांधताना

जुन्या मोटारसायकलींच्या इंजिनांचे काम शिकू पाहणाऱ्याने सुरुवात जावा २५० पासून करावी, असे माझे मत आहे. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून बनू लागलेल्या या टू-स्ट्रोक गाडीच्या क्रँकला, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्याला, जोडणारे नट नसतात. दोन फ्लायव्हील (जड चाके) आणि त्यांच्यामधली क्रँकपिन केवळ दाबाच्या घट्टपणावर एकत्र राहतात, त्यामुळे मोजमापातली कुचराई लपत नाही. मी टर्नरचा अभ्यासक्रम करून या कामाकडे वळलो, आणि मेकॅनिकच्या हाताखाली उमेदवारी करण्यापूर्वी लेथ व डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारे काट्याचे मापक) हाताळायला शिकणे मला आजही अधिक फायद्याचे वाटते.

पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड आडवा सरकतो म्हणून बिग एंड (रॉडचे क्रँकपिनवरचे बेअरिंग) गेला असे नवखा माणूस लगेच ठरवतो. आडवी ढील मुळातच ठेवलेली असते. रॉड ताठ धरून वर-खाली ओढल्यावर खटका जाणवला, तरच क्रँक खोलावी.

खोलण्यापूर्वी दोन्ही फ्लायव्हीलच्या कडांवर एका रेषेत खूण करावी, आणि पिन प्रेसने काढल्यावर भोके मायक्रोमीटर व बोअर गेजने मोजावीत. पूर्वी अनेकदा पिन बदललेल्या क्रँकची भोके सैल झालेली असतात. अशा वेळी पिनेच्या टोकाला वेल्डिंग मारण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्या उष्णतेने फ्लायव्हील वाकडे होते आणि पुढच्या दुरुस्तीची वाटही बंद होते. भोके ग्राइंड करून जाड पिन बनवून घेणे खर्चिक असले तरी तेच योग्य आहे.

नवी पिन व रॉड बसवणे त्या मानाने लवकर होते. वेळ खाते ते सरळ करणे. क्रँक लेथच्या सेंटरमध्ये धरून दोन्ही शाफ्टवर, बेअरिंगच्या जागेजवळ, डायल लावावा. डायलचा फरक प्रत्यक्ष वाकडेपणाच्या दुप्पट दिसतो, हे ध्यानात ठेवून ०.०३ मिमीच्या आत येईपर्यंत थांबू नये. चढ, म्हणजे डायल सर्वांत जास्त दाखवतो ती जागा, पिनेच्या रेषेशी काटकोनात असेल, तर चाके एकमेकांवर फिरलेली असतात आणि कडेवर तांब्याच्या हातोड्याचा ठोका पुरतो. पिनेच्याच रेषेत असेल, तर पिनेच्या विरुद्ध बाजूच्या कडा मिटल्या असल्यास पाचर ठोकावी, उघडल्या असल्यास वाइसमध्ये दाबाव्यात.

जावात डायनॅमोचे आर्मेचर (फिरता भाग) आणि पॉइंटचा, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या विद्युत संपर्काचा, कॅम थेट क्रँकच्या टोकावर बसतात, म्हणून क्रँक वाकडी राहिली की आर्मेचर घासते, पॉइंटचा गॅप बदलत राहतो आणि कितीही टायमिंग लावले तरी इंजिन एकसारखे चालत नाही. याच कारणाने केसिंग (इंजिनाचे बाहेरचे कवच) क्रँकवर हातोड्याने ठोकून कधीही बसवू नये. ते सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यास बेअरिंग हाताने आत सरकते आणि डायलवर मिळवलेला सरळपणा टिकतो.