भटक्यांचा गालिचा घरी आणलाय? या चुका टाळा

गालिचा घरी पोचला की दुसऱ्या दिवशी मला घेणाऱ्याचा फोन ठरलेला. "अहो, हा वाकडा आहे. एका टोकाला पाच फूट, दुसऱ्या टोकाला चार फूट नऊ इंच. फसवलं का आम्हाला?"

नाही फसवलं. इराणच्या फार्स प्रांतातल्या कश्काई या भटक्या जमातीच्या बायका जमिनीवर आडव्या मांडलेल्या मागावर विणतात. मुक्काम हलला की खुंट्या उपटायच्या, अर्धा विणलेला गालिचा मागासकट गुंडाळायचा आणि नव्या कुरणात पुन्हा ताणायचा. त्यात ताणाही (उभे धागे) लोकरीचा, आणि लोकर सुतापेक्षा जास्त ताणली जाते. मग रुंदी ठिकठिकाणी बदलणारच. नक्षीसुद्धा कागदावर काढलेली नसते, ती बाईच्या डोक्यात असते. फार्सच्या याच कौशल्याला युनेस्कोने २०१० मध्ये वारसा यादीत घेतलं, आणि आपण मोजपट्टी घेऊन बसतो.

मोजून थांबलात तरी ठीक. पण कडा कापून सरळ करू नका. मी वीस वर्षं गालिचे दुरुस्त करतोय, तरी पुण्यातल्या एका घरातला गब्बे (फार्सकडचा ढोबळ विणीचा गालिचा) अजून डोळ्यांसमोरून जात नाही. जाड, उबदार, मंजिष्ठाच्या लाल रंगाचा. मालकांनी पडदे शिवणाऱ्याकडून दोन्ही बाजू कापून घेतल्या आणि वर मशीनची शिलाई मारली. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा कडेला शेवटच्या ताण्याला वळसा घालून परत फिरतो, त्या वळशावरच कड उभी असते. कात्री लागली की प्रत्येक वळसा तुटतो. सहा महिने शिलाईने धरलं. मग रोजच्या झाडूबरोबर गाठी सुटायला लागल्या. गालिचा माझ्याकडे आला तेव्हा सोबत पिशवीभर सुटलेल्या गाठी होत्या. सुईने एकेक नवा बाणा आत ओवून, वर दोरंगी लोकर गुंडाळून कड उभी करायला मला पाच आठवडे लागले. कापलेली चार बोटं रुंदीची नक्षी मात्र गेली ती गेलीच.

वाकडेपणा खुपत असेल तर गालिचा फरशीच्या सांध्यांना समांतर घालू नका. थोडा तिरका टाका, डोळ्यांना तुलना करायला रेषच उरत नाही. माझ्या घरी तसाच आहे.

लाल रंगात मध्येच फिकट पट्टा दिसतो, त्याला अब्रश म्हणतात. लहान भांड्यात, थोडी थोडी लोकर रंगवली की दर घाणा वेगळा उतरतो. तो झाकायला मार्करने रंग भरणारे विक्रेते मी पाहिलेत. अशांकडून काही घेऊ नका.

धुण्याची घाई करू नका. "नैसर्गिक रंग आहेत, सुटणार नाहीत" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. एक तर जास्तीचा रंग नीट धुतला गेला नसेल तर नैसर्गिक रंगही सुटतो. दुसरं, पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग बनवला आणि त्याच शतकात असे रंग तंबूंपर्यंत पोचले. म्हणून जुना म्हणजे नैसर्गिक, असं धरून चालू नका. पांढरं सुती फडकं ओलं करून प्रत्येक रंगावर दहा मिनिटं दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर गालिचा जाणत्या माणसाकडेच द्या. नाही लागला तरी कपड्यांची पावडर नको. लोकर प्रथिनाची असते आणि बऱ्याच पावडरींतली विकरं (एन्झाइम) प्रथिनच खातात. मी गार पाण्यात रिठा वापरतो, तेही मार्चच्या कोरड्या उन्हाळ्यात. पावसाळ्यात ओला गालिचा दिवसेंदिवस वाळत नाही आणि आतून कुजतो. चार महिने थांबवत नसेल त्याने गालिचा घेऊच नये.

प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पलंगाखाली ढकलू नका. कसरीच्या अळ्यांना अंधार आणि निवांतपणा हवा असतो, तिथे दोन्ही मिळतात. सुती चादरीत गुंडाळा, महिन्याला एकदा उलगडून दोन्ही बाजू झटका.

गाठी मोजून किंमत ठरवू नका. मध्य आशियातल्या तेक्के तुर्कमेन जमातीची वीण बारीक, गब्ब्याची ढोबळ, आणि दोन्ही उत्तम असू शकतात.

दशांवरून व्हॅक्यूम फिरवू नका.

लवेतून एखादा धागा वर आला तर ओढू नका. ते गाठीचं शेपूट असतं. लहान कात्रीने लवेच्या पातळीला कापा.