ऑस्ट्रेलियन स्वतंत्र चित्रपट : अभिनेत्याला धरून रसग्रहण कसे करावे

ऑस्ट्रेलियन चित्रपट पाहायला निघालेला प्रेक्षक बहुधा 'सर्वोत्तम पन्नास' अशी एखादी यादी शोधतो, वरून खाली पाहत जातो आणि पाच-सहा चित्रपटांनंतर थांबतो, कारण प्रत्येक चित्रपट चांगला असला तरी त्यांचे एकमेकांशी काय नाते आहे हे यादी सांगत नाही. माझा सल्ला असा आहे की यादी बाजूला ठेवावी, एखादा अभिनेता किंवा अभिनेत्री निवडावी आणि तिचे दोन-तीन दशकांतले काम सलग पाहावे. या देशाच्या छोट्या चित्रपटांत संवाद कमी असतात, कथानकही पुष्कळदा साधे असते आणि अर्थाचा मोठा भार अभिनेत्याच्या देहावर, चालण्यावर व ऐकण्यावर टाकलेला असतो. म्हणून अभिनयाचे रसग्रहण करायला शिकणे हाच या चित्रपटांत शिरण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी ठाऊक असावी. सिडनी आणि गोल्ड कोस्ट येथील स्टुडिओंत चित्रित होणारे हॉलिवूडचे अवाढव्य चित्रपट वेगळे, आणि तेथील लेखक-दिग्दर्शकांनी बेताच्या पैशांत उभे केलेले चित्रपट वेगळे. हे दुसऱ्या प्रकारचे चित्रपट स्वतंत्र म्हणवले जातात, तरी त्यांतील बहुतेक सार्वजनिक पैशाच्या आधाराने तयार होतात. २००८ मध्ये स्थापन झालेली 'स्क्रीन ऑस्ट्रेलिया' ही केंद्रीय संस्था आणि राज्यांच्या संस्था निधी देतात, तसेच निकषांत बसणाऱ्या कथापटाच्या निर्मात्याला देशात केलेल्या पात्र खर्चाच्या ४० टक्के रक्कम कर-सवलतीच्या रूपाने परत मिळते. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे आणि चित्रपटांची मुख्य भाषा इंग्रजी असल्यामुळे स्पर्धा थेट अमेरिकेशी आहे. मुंबईत हिंदीच्या शेजारी चित्रपटगृह मिळवताना मराठी निर्मात्याची जी ओढाताण होते, ती ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ही परिस्थिती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. परिणाम असा की, नाव झालेले नट लॉस एंजेलिसला जातात, आणि त्यांचे मायदेशातले सुरुवातीचे, अनेकदा अधिक धाडसी काम जगाच्या नजरेआड राहते. ते शोधणे हे रसिकाचे काम आहे.

सुरुवात डेव्हिड गुल्पिलिल यांच्यापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. ते उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँडचे, योलंगू समाजाचे. पारंपरिक नृत्यात निष्णात. 'वॉकअबाउट' (१९७१) या चित्रपटासाठी ब्रिटिश दिग्दर्शक निकोलस रोग यांनी त्यांना निवडले तेव्हा ते किशोरवयीन होते, आणि त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे आडनावसुद्धा चुकीचे छापले गेले. तिथपासून २०२१ मधील त्यांच्या निधनापर्यंत जवळजवळ पन्नास वर्षांचा प्रवास आहे, आणि ऑस्ट्रेलियन चित्रपटाने आपल्या मूळ रहिवाशांकडे पाहण्याची नजर कशी बदलली, याचा इतका सलग पुरावा दुसऱ्या कोणत्याही एका व्यक्तीच्या कामात सापडणार नाही.

मात्र हे चित्रपट कालक्रमाने पाहू नयेत. 'वॉकअबाउट' सुंदर आहे, पण त्यातील कॅमेरा बाहेरून आलेल्या माणसाचा आहे, आणि तोच आधी पाहिला तर गुल्पिलिल आपल्यालाही निसर्गाचाच एक भाग वाटू लागतात. त्याऐवजी २००२ या एकाच वर्षातल्या दोन चित्रपटांपासून आरंभ करावा. रॉल्फ डी हीर यांच्या 'द ट्रॅकर'मध्ये आणि फिलिप नॉइस यांच्या 'रॅबिट-प्रूफ फेन्स'मध्ये गुल्पिलिल यांनी माग काढणाऱ्याचीच भूमिका केली आहे, आणि दोन्ही माणसे गोऱ्या सत्तेच्या चाकरीत आहेत. सलग दोन संध्याकाळी हे चित्रपट पाहावेत आणि एकच प्रश्न मनात धरावा : एकाच व्यवसायातली ही दोन माणसे त्यांनी वेगळी कशी केली?

'द ट्रॅकर'मधला माणूस तीन गोऱ्या घोडेस्वारांच्या पुढे पायी चालतो. तो बोलतो, हसतो, मालकाला हवे तेव्हा हवे तेवढे लवतो. पहिल्या अर्ध्या तासात हा लाचारपणा खरा वाटतो. मग हळूहळू ध्यानात येते की चालण्याचा वेग तोच ठरवतो आहे, कुठे थांबायचे हेही तोच ठरवतो आहे, आणि त्याचे हसू मालकाच्या विनोदानंतर क्षणभर उशिरा येते. हा उशीर टिपता आला की भूमिकेची किल्ली हाती लागते. याच भूमिकेसाठी त्यांना ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. 'रॅबिट-प्रूफ फेन्स'मधला मूडू मात्र जवळजवळ मुका आहे. १९३१ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात सरकारने आईपासून तोडून मूर रिव्हर येथील वसाहतीत ठेवलेल्या मुली पळून जातात, सशांना अडवण्यासाठी उभारलेल्या कुंपणाच्या आधाराने घराकडे चालत सुटतात, आणि त्यांना शोधून काढण्याचे काम मूडूकडे येते. त्याची स्वतःची मुलगीही त्याच वसाहतीत आहे. ही माहिती चित्रपट एकदाच, घाईने देतो. त्यानंतर तिचे ओझे केवळ गुल्पिलिल यांच्या चेहऱ्यावर आहे. मोठी मुलगी आपल्याला चुकवते आहे हे लक्षात आल्यावर माग काढणाऱ्याच्या नजरेत कौतुक उतरते, आणि ते शेजारच्या गोऱ्या शिपायाला दिसू नये एवढेच ते असते.

त्यानंतर 'चार्लीज कंट्री' (२०१३) पाहावा. त्याची पटकथा डी हीर आणि गुल्पिलिल यांनी मिळून लिहिली आहे. चार्लीकडची बंदूक पोलीस काढून घेतात. तो शिकारीसाठी लाकडाचा भाला करतो, तर तोही धोकादायक शस्त्र म्हणून जप्त होतो. पुढे आजार, डार्विन शहरातले रुग्णालय, दारू आणि तुरुंग असा प्रवास होतो. तुरुंगात त्याचे केस आणि दाढी उतरवली जाते तो प्रसंग जमल्यास दोनदा पाहावा. कॅमेरा हलत नाही, संवाद नाही, चेहऱ्यावर दुःखाचे ठरावीक आविर्भाव नाहीत. केस जसजसे खाली पडतात तसतसे म्हातारपण उघडे पडत जाते आणि तो माणूस ते सोसत आपल्यासमोर बसून राहतो. या कामासाठी फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात २०१४ साली 'अन सर्टन रिगार्ड' विभागाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान त्यांना मिळाला. आता 'वॉकअबाउट'कडे परत जावे. तो मुलगा तुम्हाला पूर्वी दिसला असता त्याहून निराळा दिसेल.

इथे एका चुकीच्या कौतुकाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. गुल्पिलिल यांच्याविषयी, आणि एकूणच अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवासी, किंवा प्रथमच कॅमेऱ्यासमोर आलेल्या कलाकारांविषयी, 'ते अभिनय करतच नाहीत, ते तसेच आहेत' असे प्रेमाने म्हटले जाते. हे कौतुक कलाकाराच्या हातातून त्याची कला काढून घेते. चौकटीत कुठे उभे राहायचे, नजर कधी उचलायची, वाक्य कुठे तोडायचे, हे सारे निर्णय असतात, आणि ते दहाव्या टेकलाही तितक्याच ताजेपणाने घ्यावे लागतात. 'लायन' (२०१६) या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाच्या चित्रपटात मुंबईतल्या कलिन्याच्या सनी पवारने लहानग्या सरूचे काम केले तेव्हाही 'किती निरागस' एवढेच म्हणून अनेक जण थांबले. रसग्रहण करणाऱ्याने तिथे थांबू नये. त्या मुलाने नेमके काय केले ते सांगावे.

याचा सराव करायला वॉरविक थॉर्नटन यांचा 'सॅमसन अँड डिलायला' (२००९) फार उपयोगी आहे. कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठी दिला जाणारा 'कॅमेरा द'ऑर' या चित्रपटाला मिळाला. सॅमसन आणि डिलायला साकारणाऱ्या रोवन मॅकनामारा आणि मरिसा गिब्सन या दोघांनीही यापूर्वी चित्रपटात काम केलेले नव्हते. सॅमसन संपूर्ण चित्रपटात एकच शब्द उच्चारतो, आपले नाव, आणि तेही अडखळत. एका रात्री डिलायला मोटारीत बसून स्पॅनिश गाण्याची कॅसेट ऐकते आहे आणि समोर सॅमसन त्याच्या स्वतःच्या संगीतावर नाचतो आहे. त्याचे संगीत निराळे, तिचे निराळे. हा प्रसंग एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावा आणि फक्त मरिसाचा चेहरा पाहावा : तिला राग आहे, तुच्छता आहे, मग नजर वळवता न येणे आहे. पुन्हा आवाजासह पाहिले की तिच्या कानातले गाणे तिच्या मनाच्या किती पुढे धावते आहे हे कळते. आवाज बंद करून पाहण्याची ही युक्ती सगळ्याच चित्रपटांना लागू पडत नाही, परंतु जेथे संवाद विरळ आहेत तेथे तिच्याइतके शिकवणारे काही नाही.

दुसरी सवय भूप्रदेशासंबंधी लावून घ्यावी. आयव्हन सेन यांचा 'मिस्टरी रोड' (२०१३) पाहताना अ‍ॅरन पेडरसन यांचा पोलीस तपास अधिकारी जे स्वान पुष्कळदा प्रचंड मोकळ्या माळावर ठिपक्याएवढा दिसतो. सेन यांनी लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि संगीत ही सर्व अंगे स्वतः सांभाळली आहेत, त्यामुळे चौकटीतली ही रिकामी जागा अपघाताने आलेली नाही. इतक्या दुरून चेहरा दिसत नाही, म्हणून पेडरसन खांदे आणि चाल यांतून भूमिका बांधतात. आपल्याच गावात परतलेल्या, आपल्याच माणसांना नकोशा झालेल्या पोलिसाचे पाऊल कसे पडते, ते पाहावे. याच पात्राचा पुढचा चित्रपट 'गोल्डस्टोन' (२०१६) लगेच पाहिला, तर हाच माणूस खचलेल्या अवस्थेत कसा चालतो याची तुलना आपोआप होते.

शहरी, घरगुती चित्रपटांसाठी वाट थोडी निराळी आहे, कारण तेथील पुष्कळ प्रमुख नट रंगभूमीवरून आलेले असतात आणि शब्दांवर त्यांची हुकमत असते. राष्ट्रीय स्तरावर दबदबा असलेली सिडनीची 'निडा' ही नाट्यशिक्षण संस्था १९५८ पासून चालू आहे. तिथे शिकलेले ह्यूगो वीव्हिंग 'मेट्रिक्स'मुळे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांनी जोसलिन मूरहाउस यांच्या 'प्रूफ' (१९९१) मध्ये छायाचित्रे काढणाऱ्या अंध माणसाची भूमिका केली आहे. लोक आपल्याशी खोटे बोलतात या संशयाने तो छायाचित्रे काढतो आणि त्यांत काय आहे ते दुसऱ्याकडून वदवून घेतो. वीव्हिंग यांचे डोळे स्थिर असतात, ऐकण्याची सारी क्रिया मानेत आणि ओठांच्या कडेला चालते. रेचल पर्किन्स यांच्या 'रेडियन्स' (१९९८) मध्ये डेबोरा मेलमन यांनी तीन बहिणींतल्या धाकटीचे काम केले, आणि ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या अ‍ॅबोरिजिनल अभिनेत्री ठरल्या. जेनिफर केंट यांचा 'द बाबाडूक' (२०१४) भयपट म्हणून विकला गेला, तरी एसी डेव्हिस यांच्यासाठी तो पाहावा. झोप उडालेली विधवा आई आपल्याच मुलाचा तिरस्कार करू लागते, आणि डेव्हिस तो तिरस्कार जराही मऊ करत नाहीत. आईचे जहरी शब्द सहा वर्षांच्या बालकलाकाराच्या कानी पडू नयेत म्हणून त्या चित्रणाच्या वेळी त्याच्या जागी एक प्रौढ व्यक्ती उभी केली जात असे. डेव्हिस पुढे 'बेबीटीथ' (२०१९) मध्ये बेन मेंडेलसन यांच्यासोबत दिसतात. मेंडेलसन यांच्या मागे जायचे असेल तर 'द इयर माय व्हॉइस ब्रोक' (१९८७) मधला पोरगेला तरुण आणि 'अ‍ॅनिमल किंगडम' (२०१०) मधला थंड डोक्याचा गुन्हेगार, एवढी दोन टोके पुरेशी आहेत.

पाहताना इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवावीत. ऑस्ट्रेलियन उच्चार भरभर आणि तोंडातल्या तोंडात असतात, शिवाय गुल्पिलिल यांच्या चित्रपटांत योलंगू भाषाही येतात. अनेक चित्रपटांच्या आरंभी सूचना येते की, यात दिवंगत अ‍ॅबोरिजिनल व टोरेस स्ट्रेट बेटांवरील व्यक्तींची प्रतिमा किंवा आवाज असू शकतो. काही समाजांत मृताचे नाव घेणे आणि चित्र पाहणे काही काळ वर्ज्य असते. ती सूचना वगळू नये, वाचावी. श्रेयनामावलीही शेवटपर्यंत पाहावी, कारण कोणत्या समाजाची जमीन, कोणाची भाषा आणि कोणाचा सल्ला चित्रपटात आहे हे तेथे लिहिलेले असते.

पाहून झाल्यावर लिहावे, अगदी दहा ओळी तरी. पुण्यातील चित्रपट रसास्वाद शिबिरांमुळे आपल्याकडे दिग्दर्शक, छायाचित्रण आणि संकलन यांविषयी बोलण्याची चांगली भाषा तयार झाली आहे, परंतु अभिनयाबद्दल लिहिताना आपण अजूनही 'सहज', 'दमदार', 'ताकदीचा' अशा विशेषणांवर भागवतो. एक प्रसंग निवडावा, कलाकार त्यात आधी काय करतो, मग काय करतो, आणि काय करायचे टाळतो ते क्रियापदांत लिहावे. विशेषण सर्वांत शेवटी, आणि खरोखर गरज असेल तरच. कोणी ऑस्ट्रेलियन नट अमुक अमेरिकन नटासारखा आहे असे लिहिण्याचा मोह टाळावा. त्याने वाचकाला काहीच कळत नाही.

हे चित्रपट मिळवणे हा कष्टाचा भाग आहे. ओटीटी मंचांवरील हक्क बदलत राहतात, म्हणून चित्रपटाच्या नावाऐवजी कलाकाराच्या नावाने शोध घ्यावा. त्याने अनपेक्षित गोष्टी हाती लागतात. गोव्यातील इफ्फी या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवावर लक्ष ठेवावे : २०२४ मध्ये तेथे ऑस्ट्रेलिया या देशावर विशेष भर होता, आणि 'रॅबिट-प्रूफ फेन्स'चे दिग्दर्शक फिलिप नॉइस यांना सत्यजित राय जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. मेलबर्नला नातेवाइकांकडे जाणे झाले तर फेडरेशन स्क्वेअरमधील 'अ‍ॅक्मी' या चलतचित्र-संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. जुना चित्रपट निवडताना प्रत पुनरुज्जीवित आहे का ते तपासावे. 'वेक इन फ्राइट' (१९७१) या चित्रपटाच्या मूळ निगेटिव्हचा त्याचे संकलक अँथनी बकली यांनी अनेक वर्षे शोध घेतला आणि ती अखेर अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे, नष्ट करण्यासाठी बाजूला काढलेल्या डब्यांत सापडली. तिच्यावरून तयार झालेली प्रत २००९ मध्ये प्रदर्शित झाली. त्याआधीच्या फिकट प्रतींत उन्हाने भाजलेले, घामाने निथळणारे चेहरे नीट दिसतच नाहीत, आणि या चित्रपटात पाहायचे आहेत ते चेहरेच.