बंदुकीवर नक्षी कोरताय? आधी परवाना काढा
अमेरिकेत लेझर मशीन घेऊन बंदुकांवर नावं, नक्षी कोरून देण्याचा धंदा काढताय? मग आधी एटीएफचा, म्हणजे बंदुकांच्या धंद्यावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचा, फेडरल परवाना घ्या. ‘मी काही बंदुका विकत नाही’ ही सबब चालत नाही. धंदा म्हणून कोरीवकाम करणारा कायद्याच्या लेखी गनस्मिथ (बंदुकांचा कारागीर), आणि गनस्मिथ म्हणजे डीलरच. डीलरच्या टाइप 01 परवान्याला 3 वर्षांचे 200 डॉलर, नूतनीकरणाला 90. त्यामानाने स्वस्तच! बंदूक त्याच दिवशी मालकाला परत दिली तर नोंदवहीत चढवावी लागत नाही. दुकानात मुक्कामी राहिली तर मात्र नोंद हवीच. ज्याने आणली त्यालाच परत देताना फॉर्म 4473 (बंदूक घेणाऱ्याने भरायचा सरकारी अर्ज) लागत नाही. आणि नक्षीच्या नादात सिरियल नंबर खोडू नका, तो गुन्हा आहे.