क्रीटमध्ये व्हिला ठरवताना: आधी चढ मोजा, मग फोटो बघा

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा सगळ्यांनी मिळून ग्रीसला जायचं ठरलं. पुण्याहून आम्ही सात जण, जर्मनीहून दादाकडचे तिघं. हॉटेलात राहायचं म्हणजे वेगवेगळ्या मजल्यांवर पाच खोल्या आणि न्याहारीच्या वेळेवरून रोज एक रुसवा. म्हणून क्रीट बेटाच्या किनाऱ्यावर आठ दिवसांसाठी अख्खा व्हिला घेतला. फोटो बघून सगळे खूश. प्रत्यक्षात गाडी लावायची जागा वर, रस्त्याला लागून. तिथून झोपायच्या खोल्यांपर्यंत ६१ पायऱ्या खाली आणि पोहण्याच्या तलावापर्यंत आणखी २२. आईचे गुडघे पहिल्याच संध्याकाळी बोलायला लागले. आठ दिवसांत ती समुद्रावर दोनदा गेली, तीही दादाच्या खांद्याचा आधार घेऊन. तेव्हापासून ओळखीत कोणी तिकडे व्हिला शोधतंय असं कळलं की माझी ही यादी मी आपणहून पाठवते.

पहिला निर्णय महिन्याचा. आपल्याकडे शाळांच्या सुट्ट्या मे महिन्यात, म्हणून सगळे मे धरतात. क्रीटचा मे सुंदर असतो, डोंगरांवर बर्फाच्या रेघा अजून दिसत असतात, पण समुद्राचं पाणी १९-२० अंशांवर असतं आणि तलावाचं त्याहून फारसं वेगळं नसतं. 'गरम पाण्याचा तलाव' असं जाहिरातीत लिहिलेलं असलं तरी तापवण्याचे पैसे बहुधा वेगळे असतात आणि ते आधी सांगावं लागतं, कारण एवढं पाणी एका रात्रीत तापत नाही. किती अंशांपर्यंत तापवणार आणि रोजचे किती घेणार, हे दोन्ही लेखी घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी छान, पण दर चढलेले आणि १५ ऑगस्टच्या आसपास निम्मा ग्रीस सुट्टीवर, कारण त्या दिवशी त्यांचा मेरी मातेचा मोठा सण असतो. खरा महिना सप्टेंबर. पाणी २५ अंशांच्या आसपास आणि गर्दी ओसरलेली. अडचण एकच, आपले गणपती. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ ला आहे. ज्यांच्याकडे दीडच दिवसाचा गणपती असतो त्यांनी विसर्जन करून निघावं; बाकीच्यांनी ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरावा. पितृपक्ष आहे म्हणून समुद्र थंड होत नाही. नोव्हेंबर लागला की मात्र जाऊ नका. किनाऱ्यावरची बरीच खानावळी आणि दुकानं तेव्हा वसंतापर्यंत बंद असतात.

मग जागा. क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे आणि मधून अडीच हजार मीटरच्या जवळ जाणारे डोंगर आडवे पसरलेत. हे मनात ठेवलं नाही तर पश्चिमेला हानियाजवळ घर घेऊन 'एक दिवस पूर्वेकडच्या एलुंडाला जाऊन येऊ' असे बेत होतात आणि तो दिवस गाडीतच जातो. विमानतळ मुख्यतः दोन, पूर्वेकडच्या अर्ध्यासाठी इराक्लिओ आणि पश्चिमेसाठी हानिया. आधी घर ठरवा आणि त्याला जवळचा विमानतळ बघून तिकीट काढा. उलटं केलंत तर सामानासकट अडीच तासांचा प्रवास पदरी पडतो.

खूप महागड्या व्हिलांचं नाव काढलं की एलुंडाचं नाव निघतंच. समोर स्पिनालोंगाचं बेट, त्यावर व्हेनिसवाल्यांनी बांधलेला किल्ला. १९०३ पासून १९५७ पर्यंत तिथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती, आज तिथे बोटीने जाता येतं. आडव्या आलेल्या जमिनीमुळे तिथली खाडी शांत राहते, हा एलुंडाचा खरा गुण. पण किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्योदय डोळे भरून बघा. समुद्रात बुडणारा सूर्य पाहिजे असेल तर तो तिथे मिळणार नाही, डोंगरामागे जातो. माझं मत विचाराल तर म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी पश्चिमेकडचा आपोकोरोनास भाग बघावा. आल्मिरिदा, कालिवेस ही किनाऱ्यावरची गावं, उथळ वाळूचा समुद्र, पायी जाता येईल अशी खानावळ आणि बेकरी. दक्षिण किनारा राकट आणि देखणा, पण लुत्रोसारख्या गावाला गाडीचा रस्ताच नाही. बोटीने जायचं नाही तर पायी. तिथे आठ बॅगा आणि सासूबाई घेऊन जाऊ नये.

आता चढ, ज्याच्यासाठी ही सगळी यादी लिहिली. किनाऱ्यावरचे व्हिले बहुतेक उतारावर बांधलेले असतात, कारण तिथूनच समुद्र दिसतो. 'समुद्र ३०० मीटरवर' हे अंतर बरेचदा सरळ उडणाऱ्या कावळ्याचं असतं, चालणाऱ्या माणसाचं नव्हे. उपग्रहाचा नकाशा उघडा, घर शोधा आणि समुद्रापर्यंतची पायवाट बोटाने काढून बघा. वाट दोन-तीनदा वळली की समजायचं, चढ आहे. मग उंची दाखवणारा नकाशा बघा. घर ६० मीटर उंचीवर असेल तर परतताना उन्हात वीस मजले चढल्यासारखं होतं. मालकाला किंवा व्यवस्थापकाला सरळ लिहा: गाडी लावतो तिथून दरवाजा, दरवाजातून तळमजल्यावरची खोली, खोलीतून तलाव, असा न थांबता चालत काढलेला व्हिडिओ पाठवा. ज्याच्या घरात पायऱ्या कमी असतात तो त्याच दिवशी पाठवतो. 'घर अगदी आरामदायी आहे, काळजी नको' असं उत्तर आलं तर पायऱ्या आहेत असं धरून चालावं. आणि निदान एक खोली, तिला लागून न्हाणीघर, एकाच पातळीवर असलं पाहिजे. दहा जणांची सोय म्हणजे पाच खोल्या असतीलच असंही नाही. दिवाणखान्यातला उघडणारा सोफा दोन माणसांचा पलंग म्हणून मोजतात.

चढाइतकाच वारा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो, कधी कधी दिवस दिवस. आकाश निरभ्र, ऊन कडक आणि तरीही टेबलावरच्या ताटल्या उडतात, समुद्रात पाय घालवत नाही. उत्तरेला थेट तोंड करून उभ्या असलेल्या घराच्या गच्चीत रात्रीचं जेवण होईल अशी खात्री नाही. दक्षिणेला गेलात म्हणून सुटका होत नाही. डोंगरांमधल्या खिंडींतून तोच वारा जोर धरून खाली कोसळतो, तिथल्या प्लाकियास गावाची त्याबद्दल ख्याती आहे. म्हणून घराचं तोंड कुठे आणि जेवणाची जागा कुठल्या भिंतीच्या आड, एवढं विचारा. जुन्या पाहुण्यांच्या अभिप्रायांत 'वारा' हा शब्द शोधला तर दहा मिनिटांत सगळं कळतं.

'खासगी समुद्रकिनारा' लिहिलेलं दिसलं तर हसून पुढे जा. ग्रीसच्या कायद्याने किनारा सार्वजनिक आहे. फार तर घरापासून खाली उतरायची वाट खासगी असेल, पण वाळूवर कोणीही येऊ शकतं.

तलावाबद्दल फोटोवर विश्वास ठेवू नका. काठाशी पाणी आणि समुद्र एक झालेले दिसतात ना, त्या काठाच्या पलीकडे खाली किती खोल उतार आहे ते विचारा. कुंपण बहुधा नसतंच. उथळ बाजू किती फूट, तिथे पायऱ्या आहेत की भिंतीला लावलेली शिडी, हे लहान मुलं असणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी विचारायचं, तिथे पोचल्यावर नाही. दुपारी ३ ते साडेपाच उन्हाळ्यात शांततेची वेळ असते, कायद्याने. आमच्या पोरांनी पहिल्या दिवशी तलावात जो दंगा घातला त्यावर शेजारच्या आजोबांनी फक्त खिडकी लावून घेतली. आम्हाला नियम दुसऱ्या दिवशी कळला. मग संध्याकाळी बेकरीतला खाऊ घेऊन त्यांच्याकडे जाऊन आलो.

कागदपत्रं हा रटाळ भाग, पण पैसे इथेच बुडतात. ग्रीसमध्ये थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिलेल्या घराला कर खात्याचा नोंदणी क्रमांक असतो, त्याला ए.एम.ए. म्हणतात, आणि तो जाहिरातीत छापावा लागतो. पर्यटन खात्याचा परवाना असलेल्या व्हिलांना वेगळा क्रमांक असतो. दोन्हींपैकी एकही नाही आणि 'थेट बँकेत पैसे पाठवा, सूट देतो' असा आग्रह, असं असेल तर ते घर सोडून द्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून अशा नोंदणीकृत घरांत अग्निशामक, धुराची सूचना देणारं यंत्र, प्रथमोपचार पेटी आणि मालकाचा दायित्व विमा सक्तीचा झालाय. विचारलंत तर प्रामाणिक मालकाला राग येत नाही. भाड्याशिवाय सरकारी हवामान शुल्क असतं. एप्रिल ते ऑक्टोबर व्हिल्याला रात्रीचे १५ युरो, अख्ख्या घरामागे. ते पोचल्यावर मागतात आणि माणसं उगाच फसवणूक झाली म्हणून चिडतात.

भारतातून निघणाऱ्यांनी शेंगेनचा व्हिसा आणि व्हिला यांची गाठ नीट मारावी. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. राहण्याच्या पुराव्यावर फक्त पैसे भरणाऱ्याचं नाव चालेल असं समजू नका. आम्ही व्हिलावाल्यांकडून सगळ्या सात जणांची नावं पासपोर्टप्रमाणे घातलेलं पत्र घेतलं. महत्त्वाचं म्हणजे, फुकट रद्द करण्याची शेवटची तारीख व्हिसा हातात येण्याच्या नंतरची असली पाहिजे. व्हिसा साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ पर्यंतही लांबू शकतो. दर थोडा जास्त पडला तरी अशी सवलत असलेलंच घर घ्या.

गाडीशिवाय व्हिला म्हणजे सोन्याचा पिंजरा. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तिकडे उजवीकडून चालवतात, आणि उत्तरेच्या मुख्य रस्त्यावर मागचा घाईत असला की पुढच्याने आपली पट्टी सोडून उजव्या कडेच्या पट्टीवर सरकायचं अशी रीत आहे. घाबरू नका, पण वळणावर सरकू नका. नऊ जणांची मोठी गाडी घेण्यापेक्षा दोन लहान गाड्या बऱ्या, गावातल्या गल्ल्या मोठ्या गाडीला मानवत नाहीत. ऑटोमॅटिक हवी असेल तर महिनोन् महिने आधी सांगा. विम्यात टायर आणि गाडीचा तळ येतो का ते वाचा. आणि जेवणानंतर खानावळीत राकी नावाच्या कडक दारूचे छोटे पेले न मागता फुकट येतात, म्हणून रात्री कोण चालवणार ते जेवायला बसण्याआधी ठरवा.

घरातल्या वस्तूंबद्दल पटकन. शेगडी बहुधा गॅसची नसते. काचेची असेल तर इंडक्शन आहे का विचारा, कारण ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर ढिम्म बसून राहतो. सांडपाण्याचे नळ अरुंद असल्यामुळे शौचालयात कागद टाकत नाहीत, शेजारी डबा असतो. जेट नसतोच, तेव्हा प्रवासी जेट किंवा सरळ एक प्लास्टिकचा तांब्या न्या. गरम पाणी छपरावरच्या सौर टाकीतून येतं. दहा जणांना टाकी पुरते का, आणि ढगाळ दिवशी विजेचा खटका कुठे, ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. आपली तीन पिनांची वायर तिथल्या सॉकेटात जात नाही. आगीच्या मोसमात फोनवर ११२ चा सावधानतेचा संदेश आला तर तो वाचा, पुसू नका. २०२५ च्या जुलैत इएरापेत्राजवळ आग लागली तेव्हा घरं आणि हॉटेलं रिकामी करावी लागली होती.

शाकाहारी माणसांनी क्रीटला घाबरू नये. भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची यांना गेमिस्ता म्हणतात. त्यात खिमा नसला की त्यांना 'ओर्फाना' म्हणजे पोरके म्हणतात. मला ते पोरके फार आवडले. दाकोस म्हणजे जवाच्या टोस्टवर टोमॅटो आणि चीज. उपवासाचं म्हणजे 'निस्तिसिमो' मागाल तर मांस, दूध, अंडं येणार नाही, पण कोळंबी आणि शिंपले त्यांना उपवासाला चालतात, तेवढं बघा.

सामानात पेढे, तूप, पनीर नेऊ नका. युरोपच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. आंबे आणि ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय अडतो. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आमसुलं मात्र आमची सगळी पोचली. आणि नारळ चालतो; ज्या मोजक्या फळांना प्रमाणपत्र लागत नाही त्यांत तो आहे. आईने नियमातल्या त्या एका ओळीच्या भरवशावर दोन नारळ नेले. एकाची सोलकढी झाली. दुसरा सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी फोडायचा होता आणि बाबा तो तलावाच्या काठच्या फरशीवर फोडायला निघाले होते. तुमच्यातही असे कोणी असतील तर दगड आधी शोधून ठेवा. फरशी तडकली तर अनामत रकमेतून कापून घेतात.