जुन्या फेरारीची खरी ओळख कशी पटवावी

१९४८ च्या तुरिन प्रदर्शनात प्रथम मांडलेल्या फेरारी १६६ एमएमसारख्या गाडीची ओळख पटवताना आधी चासीवर, म्हणजे गाडीच्या मूळ चौकटीवर, ठोकलेला क्रमांक तपासावा, कारण क्रमांकाची धातूची पट्टी कोणालाही सहज बदलता येते. त्या काळात कारखाना शर्यतीच्या गाड्यांना साधारणपणे सम, तर रस्त्यावरच्या गाड्यांना विषम क्रमांक देत असे. इंजिनाचा क्रमांक चासीशी जुळला नाही, तरी गाडीला लगेच बनावट ठरवू नये. शर्यतीच्या धकाधकीत इंजिने बदलली जात. त्यानंतर इटलीच्या सार्वजनिक वाहन नोंदणीतून मालकांचा कालक्रमानुसार उतारा मिळवावा आणि त्यातील नोंदणी क्रमांक मिल्ले मिल्या या इटलीतील रस्त्यावरच्या शर्यतीच्या जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहावा. माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा मिलानच्या तुरिंग कारखान्याने घडवलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याखाली, बारीक नळ्यांच्या सांगाड्यात दडलेला असतो. तेथील जुने जोड आणि दुरुस्तीच्या खुणा शांतपणे न्याहाळाव्यात.