लांब पल्ल्याच्या सायकलीसाठी शिफ्टर निवडताना या चुका टाळा

शिफ्टर (हँडलवरून गिअर बदलण्याचे साधन) आधी पसंत करायचा आणि बाकीचे भाग त्याच्याशी जुळवत बसायचे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ट्रिगर (बोटाने खटका दाबून चालवायच्या) शिफ्टरची पकड २२.२ मिमी व्यासाच्या सरळ हँडलबारसाठी असते, तर ड्रॉप (खाली वळलेल्या) हँडलबारची नळी २३.८ मिमीची असते. म्हणून हँडल बदलल्यावर जुने ट्रिगर त्यावर बसत नाहीत. ब्रेक आणि गिअर एकत्र असलेले एसटीआय लिव्हर नेहमीच्या व्ही-ब्रेकला (दोन लांब बाहूंनी रिम दाबणाऱ्या) पुरेशी केबल ओढत नाहीत, आणि सामानाने लादलेल्या सायकलीवर घाट उतरताना ही उणीव धोक्याची ठरते.

केवळ ‘१० स्पीड’ (मागे दहा गिअर) हे शब्द पाहून जोडी लावणे ही दुसरी चूक. शिमानो कंपनीचे ९ स्पीडचे रोड शिफ्टर माउंटन प्रकारच्या मागील डिरेलरवर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) चालतात, पण १० स्पीडपासून दोन्हींची केबल-ओढ (एका क्लिकला ओढली जाणारी केबल) वेगळी झाली. शिमानोचेच टियाग्रा ४७०० हे मॉडेल तर १० स्पीडचेच असूनही आधीच्या १० स्पीड रोड डिरेलरशी जुळत नाही.

मार्गाचा विचार न करता निवड करणेही बरे नव्हे. कोकणच्या सागरी रस्त्यावर खाडी संपली की चढ आणि चढ संपला की उतार असल्याने गिअर सतत बदलावे लागतात. तिथे एसटीआयची सोय खरोखर उपयोगी पडते. मनाली–लेह मार्गावरचे चढ मात्र दीर्घ आणि संथ आहेत, आणि केलाँग सोडल्यावर दुरुस्तीचे दुकान गृहीत धरता येत नाही. तिथे माझी पसंती फ्रिक्शनची (क्लिकशिवाय हवी तितकी केबल ओढण्याची) सोय असलेल्या बार-एंड (हँडलच्या टोकाला बसणाऱ्या) शिफ्टरला आहे (ती प्रत्येक मॉडेलमध्ये नसते, हे विकत घेतानाच तपासावे), कारण सायकल पडून हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो भाग) किंचित वाकला तरी फ्रिक्शनवर अंदाजाने गिअर लावता येतो.

गिअर नीट पडेनासे झाले की शिफ्टरला दोष देण्याची घाई होते. आधी केबलचे आवरण पाहावे: ब्रेकचे गुंडाळीचे आवरण गिअरसाठी वापरले असेल, तर ते दाबले जाऊन क्लिक जुळत नाहीत. ट्रिगरचा खटका पकडत नसेल, तर बहुतेक वेळा आतील ग्रीस घट्ट झालेले असते. ते धुऊन पातळ तेल सोडावे. एसटीआयमध्ये केबल लिव्हरच्या आत, डोक्यापाशी उसवते आणि तुटल्यावर तुकडा आतच अडकतो, म्हणून मोठ्या प्रवासापूर्वी ती बदलून घ्यावी.