धडा पाठ आहे, पण वाचता येतं का? मुलाला मराठी वाचायला घरी कसं शिकवावं

तिसरीतल्या एका मुलीनं माझ्यासमोर मराठीचं पुस्तक उघडलं आणि अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवला. मी शेवटाकडचं, वर्गात अजून न झालेलं पान काढलं. तिचं बोट पहिल्याच शब्दावर थांबलं. वही मात्र सुरेख अक्षरानं भरलेली होती. ती फळ्यावरचं हुबेहूब उतरवून घ्यायची आणि ऐकून पाठ करायची. तिला वाचता येत नाही हे त्या दिवसापर्यंत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी मुलांना वाचायला बसवताना अशी मुलं मला दर वर्षी भेटतात. ती हुशार असतात, म्हणून तर इतके दिवस निभावून नेतात. त्यांना वाचायला शिकवण्यासाठी बी.एड. लागत नाही. आई, कॉलेजात जाणारा दादा किंवा शेजारची मावशी, कोणीही शिकवू शकतं. रोज अर्धा तास मात्र द्यावा लागतो.

आधी मूल कुठे आहे ते बघा

इयत्ता विसरा. मुलानं कधीही न पाहिलेला मजकूर घ्या. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' हे सर्वेक्षण करते. ते खेड्यांपुरतं असलं तरी त्यातली वाचनाची चाचणी आपल्या गल्लीतही तितकीच चालते आणि त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही मिळते. तिच्यात चार पायऱ्या आहेत: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून करा. तो न अडखळता वाचला तर गोष्ट द्या. अडलं तर शब्दांवर या. पाचपैकी किमान चार शब्द नीट आले नाहीत तर अक्षरांवर या.

ही तपासणी मुलाला एकट्याला बसवून करा, भावंडांसमोर नको. मध्ये चूक सुधारू नका. एका वहीत तारीख, पायरी आणि अडलेली अक्षरं लिहून ठेवा.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. घरी दखनी, म्हणजे इकडची उर्दूची बोली, बोलणारं मूल 'बाळ'ला 'बाल' आणि 'पाणी'ला 'पानी' म्हणेल. तेलुगूत बहुतेक शब्द स्वरात संपतात, म्हणून तेलुगू घरातलं मूल मराठी शब्दाच्या शेवटी किंचित स्वर लावेल. हे उच्चार घरातून आलेले आहेत, वाचनाच्या चुका नाहीत. त्यावरून टोकलं की मूल तोंड उघडायचंच बंद होतं. मुलानं योग्य अक्षर ओळखलं का, एवढंच बघा.

अक्षरांवर अडलेलं मूल

क, ख, ग पासून ज्ञ पर्यंत सगळं क्रमानं शिकवत बसू नका. शब्द बनतील अशी चार-पाच अक्षरं उचला. ग, म, न, र, घ एवढ्यावर 'घर', 'मन', 'नगर', 'मगर', 'गरम' वाचता येतात. त्यात काना आला की 'नाग', 'राग', 'घागर', 'नगारा'. पहिल्याच आठवड्यात आपण खरा शब्द वाचला, हे मुलाला कळणं फार मोलाचं असतं. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या एकाच दिवशी घेऊ नका. एक पक्कं झालं की मगच दुसरं.

बाराखडी मुलं गाण्यासारखी म्हणतात आणि आपण फसतो. तक्त्यावर मधेच 'कू'वर बोट ठेवा, मग 'मो'वर, मग 'गी'वर. जिथं मूल मनातल्या मनात सुरुवातीपासून मोजू लागतं, तिथं ते अजून पक्कं झालेलं नाही.

जोडाक्षरं: आपल्याच गावाची नावं घ्या

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मुलं इथं अडकतात, आणि यासाठी सोलापूरसारखं गाव नाही. 'गड्डा', 'सिद्धेश्वर', 'नंदीध्वज', 'अक्षता', 'मार्कंडेय', 'किल्ला', 'अक्कलकोट' हे शब्द मुलाच्या कानावर जन्मापासून आहेत. अर्थ ठाऊक असतो, फक्त डोळ्यांना ओळख करून द्यायची असते.

शब्द कार्डावर मोठा लिहा. ज्या अक्षराला शेवटी उभा दंड असतो, त्याचा दंड काढला की ते अर्धं होतं: श्व, ध्व, ल्ल. ड, द यांना असा दंड नसतो, म्हणून तिथं अक्षर खाली जोडतात किंवा पाय मोडतात. इथंच एक गोंधळ होतो. पाठ्यपुस्तकात बऱ्याचदा 'सिद्‌धेश्वर' असं पाय मोडून छापलेलं असतं आणि बाहेरच्या पाटीवर 'सिद्धेश्वर' असं जोडून. मुलाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. दोन्ही शेजारीशेजारी लिहून दाखवा.

रफाराला वेगळा दिवस द्या. 'मार्कंडेय'मध्ये डोळ्याला आधी क दिसतो आणि र त्याच्या डोक्यावर, पण तोंडानं र आधी म्हणायचा असतो. 'डोक्यावर रफार दिसला की आधी र्' हे मुलाला दहा शब्दांवर करायला लावा: सूर्य, वर्ग, मार्ग, दर्गा, शर्ट वगैरे.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, जाल तेव्हा एक तास पाट्या वाचण्यासाठी ठेवा. मूल तिथं आपणहून वाचतं, कारण कोणत्या स्टॉलवर काय आहे हे त्याला जाणून घ्यायचंच असतं.

ओघ आणि अर्थ

शब्द जमले तरी मूल एकेक शब्द तोडत वाचत असेल, तर चार-पाच ओळींचा एकच उतारा तीन दिवस घ्या. आधी तुम्ही बोट फिरवत वाचा, मग दोघं मिळून, मग मूल एकटं. 'निपुण भारत' हा २०२१ मध्ये सुरू झालेला सरकारी कार्यक्रम. त्यात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही समजून, वाचता यावेत असं म्हटलं आहे. मोबाइलवर मिनिट लावून मोजा, पण आकड्याचा धाक घालू नका. मराठीत 'शाळेतल्यांसाठीसुद्धा' हा एकच शब्द असतो!

अर्थ मात्र रोज विचारा आणि घरच्या भाषेत विचारा. मुलानं मराठीत वाचलेली गोष्ट तेलुगूत, कन्नडमध्ये किंवा दखनीत सांगितली तर ती त्याला समजली हे नक्की. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकं मुलांच्या मातृभाषेत आणली आणि त्यांना क्यूआर कोडनं आवाज आणि चित्रं जोडली. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला तो अशा कामासाठी.

ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिचं काम इथंच सुरू होतं. विड्या वळता वळता तिनं फक्त ऐकायचं आणि 'मग पुढं काय झालं?' असं विचारायचं. आईला गोष्ट सांगायची म्हणून मूल पान पुन्हा वाचतं. हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

वाचायला काय द्यावं

पैसे खर्चायची गरज नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं मोफत मिळतात. चौथीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक द्यायला लाजू नका, फक्त मुखपृष्ठ दाखवू नका. 'स्टोरीवीव्हर' या मोफत संकेतस्थळावर चित्रगोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि अनेकदा तीच गोष्ट मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दूतही सापडते. वाचनाची गोडी लागली की बालभारतीचं 'किशोर' मासिक आहेच.

सहा आठवड्यांनी

तीच तपासणी नव्या मजकुरावर पुन्हा करा आणि वहीत पहिल्या नोंदीशेजारी लिहा. एक पायरी वर गेली असेल तर आहे तसंच चालू ठेवा. काहीच हललं नसेल तर आधी डोळे तपासून घ्या. पुस्तक नाकाशी धरणारी किंवा फळ्याकडे डोळे बारीक करून बघणारी मुलं आम्हाला वाचनवर्गातच सापडली आहेत. डोळे ठीक असतील आणि तीन-चार महिने रोज बसूनही अक्षरं पुन्हा पुन्हा निसटत असतील, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे हुशार असूनही वाचणं-लिहिणं जड जातंय का याची, तपासणी करून घ्यायला उशीर नको. त्यात मुलाचा आळस नसतो. ही वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. 'याला काही येत नाही' असं सांगू नका. 'शब्द येतात, रफारावर अडतो' असं सांगा, म्हणजे वर्गात त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे त्यांना लगेच कळेल.